कठड्याच्या अलीकडे

28 मे 2016, शनिवार. अमेरिकेतल्या सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयात गोरिलांच्या आवारासमोर तीन वर्षांचा एक मुलगा आईबरोबर उभा होता. आईसोबत आणखीही मुलं होती. खाली दिसणाऱ्या पाण्यात आपल्याला जायचंय, असं तो म्हणत होता, असं साक्षीदारांनी नंतर सांगितलं. आईची नजर जराशी दुसऱ्या मुलाकडे वळली, तेवढ्यात तो जेमतेम तीन फूट उंचीच्या कठड्यातून पलीकडे शिरला, झुडपांचा पट्टा ओलांडून पुढे गेला आणि पंधरा फूट खाली, खंदकातल्या उथळ पाण्यात पडला.

आवारात दोन माद्या आणि हरांबे नावाचा नर होता. वय सतरा वर्षं, वजन सुमारे दोनशे किलो. प्राणीरक्षकांनी हाक देताच माद्या आत गेल्या. हरांबे मात्र मुलाकडे गेला. त्याने मुलाला उभं केलं, धरून ठेवलं, पाण्यातून फरफटत नेलं. वरून लोकांचा आरडाओरडा वाढत गेला, तसा तो आणखी बिथरला. सुमारे दहा मिनिटांनी प्राणिसंग्रहालयाच्या बचाव पथकाने त्याला गोळी घातली. मूल वाचलं, हरांबे गेला.

पुढे महिनोन्‌महिने जगभर एकच वाद रंगला: चूक आईची की प्राणिसंग्रहालयाची? त्या गदारोळात जास्त कामाचा प्रश्न मागे पडला. 1978 पासून उभ्या असलेल्या त्या बंदोबस्तातून त्याआधी एकही प्रेक्षक आत पडला नव्हता, मग तीन वर्षांच्या पोराने तो पार केला कसा? या प्रश्नाच्या उत्तरात मुलांच्या सुरक्षेचं सगळं शास्त्र येतं. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. त्याचं शरीर वेगळं, मन वेगळं, आणि कठड्यापलीकडच्या प्राण्याला ते दिसतंही वेगळं. हे तिन्ही लक्षात घेतलं नाही, तर उंच भिंत आणि जाड गजही कमी पडतात.

मुलाचं शरीर आणि मन

दोन-तीन वर्षांच्या मुलाचं डोकं बाकी शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं. त्यामुळे त्याचा तोल मोठ्यांपेक्षा वरच्या बाजूला असतो. मोठा माणूस कठड्यावरून वाकला तर कंबरेखालचं वजन त्याला मागे धरून ठेवतं. मूल वाकलं की डोकं आणि खांदे पुढे जातात आणि पाय आपोआप उचलले जातात. खिडकीतून, गॅलरीतून, विहिरीच्या कठड्यावरून मुलं पडतात ती याच कारणाने.

दुसरा मुद्दा फटींचा. कठड्याला आडव्या पट्ट्या असल्या की मुलाला ती शिडीच मिळते. एका पट्टीवर पाय, दुसरीवर हात, आणि मोठ्यांचं लक्ष जाईपर्यंत पोर वर पोचलेलं असतं. उभे गज त्यामानाने बरे, पण त्यांच्यातली फट अरुंद हवी. अनेक देशांच्या बांधकाम नियमांत ही फट सुमारे चार इंचांपेक्षा कमी ठेवायला सांगितलेलं असतं, कारण त्याहून रुंद फटीतून लहान मुलाचं अंग निसटू शकतं. सिनसिनाटीच्या घटनेनंतर दहा दिवसांतच आवार पुन्हा उघडलं, तेव्हा तिथे 42 इंच उंचीचा नवा कठडा होता, वर भरीव लाकडी तुळई होती आणि खालच्या मोकळ्या जागेत गाठी मारलेल्या दोरखंडाची जाळी ताणली होती. म्हणजे दुरुस्ती दोन गोष्टींची झाली: चढता येणार नाही आणि शिरता येणार नाही. त्याच वर्षी अमेरिकी सरकारच्या तपासणीत जुना कठडा अपुरा असल्याचं नोंदवलं गेलं.

मनाचं काय? या वयात मुलाला 'थांब' कळतं, पण मनात आलेली ओढ आवरता येत नाही. धोका म्हणजे काय याची त्याच्याकडे फक्त गोष्टीतली कल्पना असते. पुस्तकातला वाघ हसतो, बोलतो, सशाशी मैत्री करतो. मग समोरचा वाघ वेगळा का असेल? म्हणून "लांब राहा" हे वाक्य मोठ्यांनी शंभरदा सांगितलं तरी लहान मुलाच्या बाबतीत ते संरक्षण ठरत नाही. संरक्षण ठरतो तो मोठ्यांचा हात.

प्राण्याला मूल कसं दिसतं

स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी बर्न, बासेल आणि झुरिक या तिन्ही ठिकाणची प्राणिसंग्रहालयं सांभाळली आणि प्राण्यांच्या अंतराचं शास्त्र मांडलं. प्रत्येक वन्य प्राण्याची एक सीमा असते. माणूस त्या अंतराच्या आत आला की प्राणी पळतो. पळायला वाट नसेल आणि माणूस आणखी जवळ आला, तर तोच प्राणी उलटून हल्ला करतो. बंदिवासात माणसांची सवय होऊन ही अंतरं कमी होतात, पण नाहीशी होत नाहीत. पिंजऱ्यातल्या प्राण्याला तर पळायची वाट मुळातच कमी. त्यामुळे कठडा केवळ आपल्याला प्राण्यापासून वाचवत नाही. प्राण्याला हवं असलेलं अंतरही तोच राखतो.

मार्जारकुळातल्या प्राण्यांची गोष्ट आणखी वेगळी. वाघ-बिबटे दबा धरतात आणि शक्यतो पाठीमागून झेप घेतात. सुंदरबनात 1986 च्या सुमारास जंगलात जाणाऱ्या लोकांना डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे बांधायला दिले होते, ते याच सवयीवर उपाय म्हणून. आता काचेच्या आवारासमोरचं नेहमीचं दृश्य आठवा. लहान मूल काचेशी खेळतं, वळतं, पाठ करून पळतं किंवा खाली बसतं. आतला वाघ मान खाली घालतो, खांदे आखडतो, कान आणि नजर मुलावर रोखतो आणि सरळ धावत काचेवर येतो. बाहेर हशा पिकतो, मोबाइल वर होतात, "बघ, वाघोबा तुझ्याशी खेळतोय" असं मुलाला सांगितलं जातं. तो खेळ नसतो. लहान आकार, वळलेली पाठ, अचानक हालचाल, बारीक आवाज: शिकारी प्राण्याला भक्ष्याच्या या खुणा उपजतच कळतात. भक्कम काच आहे म्हणून मुलाला इजा होत नाही. पण त्या क्षणी आपण मुलाला जे शिकवतो ते चुकीचं असतं, आणि पुढच्या ठिकाणी काचेऐवजी कठडा असतो.

गोरिलाच्या बाबतीत नजर महत्त्वाची. त्याच्या जगात रोखून पाहणं आणि दात दाखवणं हे आव्हान समजलं जाऊ शकतं. 18 मे 2007 रोजी नेदरलँड्समधल्या रोटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात बोकितो नावाचा नर गोरिला पाण्याचा खंदक पार करून बाहेर आला आणि त्याने एका महिलेला गंभीर जखमी केलं. ती वारंवार येऊन त्याच्याशी नजर मिळवायची, हसायची, आणि तोही आपल्याकडे पाहून हसतो असं तिला वाटायचं. त्यानंतर तिथे कागदी चष्मे वाटले गेले. त्यांवर बाजूला पाहणारे डोळे छापलेले होते, म्हणजे गोरिलाला वाटावं की माणूस आपल्याकडे रोखून पाहत नाही. मुलांना हे सहज शिकवता येतं: माकडांकडे, वानरांकडे टक लावून पाहायचं नाही, दात विचकून दाखवायचे नाहीत, नक्कल करायची नाही.

बंदोबस्त कसा उभा राहतो

गजांचे पिंजरे हटवून उघडी आवारं बांधण्याचं श्रेय जर्मनीच्या कार्ल हागेनबेक यांना जातं. 1907 मध्ये हॅम्बुर्गजवळ स्टेलिंगेनला त्यांनी जे प्राणी-उद्यान उघडलं, त्यात प्रेक्षक आणि प्राणी यांच्यामध्ये गजांऐवजी खंदक होते. कोणता प्राणी किती लांब आणि किती उंच उडी मारतो याचं मोजमाप घेऊन त्यांनी ते आखले होते. बरोबर मोजमाप घेतलं तर खंदक पुरतो, चुकलं तर काय होतं हे सॅन फ्रान्सिस्कोने पाहिलं. 25 डिसेंबर 2007 च्या संध्याकाळी तिथल्या प्राणिसंग्रहालयातून तातियाना नावाची सायबेरियन वाघीण बाहेर आली. तिने सतरा वर्षांच्या एका मुलाचा जीव घेतला आणि त्याच्या दोन मित्रांना जखमी केलं. पोलिसांना तिला गोळी घालावी लागली. खंदकाची भिंत नंतर मोजली तेव्हा ती साडेबारा फूट भरली. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने सुचवलेली उंची होती 16.4 फूट. प्राणी डिवचला गेला की त्याची उडी नेहमीच्या उडीपेक्षा मोठी असते. त्या मुलांनी वाघिणीला डिवचलं का यावर बराच वाद झाला. पण भिंत पुरेशी असती तर त्या वादाची वेळच आली नसती.

चांगला बंदोबस्त एकाच अडसरावर कधी विसंबत नाही. प्रेक्षकाच्या बाजूला कठडा, त्याच्यापलीकडे मोकळी पट्टी किंवा झुडपं, मग खंदक, भिंत, जाळी किंवा काच. कर्मचाऱ्यांच्या वाटेवर एकामागे एक दोन दारं असतात. पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आवाराच्या मागे रात्रीचा निवारा असतो आणि ठरावीक हाक किंवा खुणेवर आत येण्याची सवय प्राण्यांना रोज लावली जाते. आत आलं की खायला मिळतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. संध्याकाळी प्राणी आत घेण्याचा हा रोजचा रिवाज संकटाच्या वेळी जीव वाचवतो. सिनसिनाटीत त्या दोन माद्या हाकेसरशी आत गेल्या त्या याच सवयीमुळे.

भारतात प्राणिसंग्रहालयांवर 1992 पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची देखरेख आहे. त्याची मान्यता असल्याशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्राण्याला डिवचणं, इजा करणं, खाऊ घालणं किंवा गोंगाट करून त्रास देणं हा गुन्हा आहे. आठवड्यातून एक दिवस प्रेक्षकांना प्रवेश बंद ठेवण्याचा नियमही त्यातूनच येतो. मुंबईची राणीची बाग आणि पुण्याचं कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. त्या दिवशी प्राण्यांना गोंगाटापासून विसावा मिळतो आणि जाळी, दारं, कठडे तपासायला कर्मचाऱ्यांना सवड मिळते.

कठड्यावर बसवलेलं मूल

एवढा सगळा बंदोबस्त एका सवयीने निष्फळ होतो. "दिसत नाही" म्हणून मूल रडकुंडीला येतं आणि कुणीतरी मायेने त्याला उचलून कठड्यावर बसवतं, उभं करतं किंवा कठड्यापलीकडे धरतं. कठड्याची उंची, खंदकाची रुंदी, फटींचं माप, सगळं मूल जमिनीवर उभं आहे असं धरून ठरवलेलं असतं. त्याला वर उचललं की त्या सगळ्या मोजमापाला अर्थ उरत नाही. मग त्याच्या आणि खालच्या प्राण्याच्या मध्ये फक्त एका माणसाची पकड असते, आणि उत्साहाने पुढे झेपावणाऱ्या मुलावरची पकड भल्याभल्यांची सुटते.

4 नोव्हेंबर 2012 रोजी पिट्सबर्गच्या प्राणिसंग्रहालयात हेच घडलं. आफ्रिकी रानकुत्र्यांच्या आवारावरच्या सज्जात एका आईने आपल्या दोन वर्षांच्या मुलाला नीट दिसावं म्हणून कठड्यावर धरलं. तो निसटला. खाली एक जाळी होती, पण ती वस्तू अडवण्यासाठी. मूल तिच्यावरून उसळून आवारात पडलं. खाली अकरा कुत्री होती. कर्मचारी धावले, काही कुत्री हाकेला आत गेली, पण मूल वाचलं नाही. त्या आईवर खटला भरायचा नाही असं सरकारी वकिलाने ठरवलं, आणि ते योग्यच होतं. हे लिहिण्यात त्या माउलीवर बोट दाखवण्याचा हेतू नाही. तिने केलं ते दर रविवारी जगातल्या प्रत्येक प्राणिसंग्रहालयात शेकडो आई-बाप, आजी-आजोबा, मामा-काका करतात, आणि ते थांबायला हवं.

मुलं आपल्याकडे बघून शिकतात हेही खरं. डिसेंबर 2007 मध्ये गुवाहाटीच्या प्राणिसंग्रहालयात वाघाचा फोटो जवळून घ्यावा म्हणून एका माणसाने बाहेरचा अडसर ओलांडला आणि हात गजांच्या आत घातला. वाघाने तो हात तोडला आणि माणूस दगावला. त्याचं कुटुंब तिथेच होतं. मोबाइल हातात आल्यापासून हा मोह आणखी वाढला आहे. बापाने कठड्यावर पाय टाकून सेल्फी काढला की मुलाला सांगितलेले सगळे नियम तिथेच संपतात.

घडलंच तर

"बेशुद्ध का नाही केलं?" हा प्रश्न हरांबेच्या वेळी सगळ्यांनी विचारला. भूल देणारं इंजेक्शन बंदुकीतून मारलं तरी औषध स्नायूतून रक्तात भिनायला काही मिनिटं लागतात. त्या मधल्या वेळात सुई टोचलेला प्राणी घाबरतो, चवताळतो, आणि त्याच्या हातात मूल असतं. मूल पकडीत असताना भुलीचा पर्याय उरत नाही तो यामुळे. म्हणूनच मुलाला सांभाळणं हे प्राण्याला सांभाळणंही असतं. मूल आत गेलं की त्याच्याबरोबर त्या प्राण्याचाही जीव टांगणीला लागतो, आणि त्यात त्या प्राण्याचा काहीच दोष नसतो.

काही वेळा चांगलंही घडलं. 1986 मध्ये जर्सीच्या प्राणिसंग्रहालयात पाच वर्षांचा मुलगा आवारात पडून बेशुद्ध झाला, तेव्हा जांबो नावाचा थोराड गोरिला त्याच्याजवळ राखण करत उभा राहिला आणि त्याने त्याच्या पाठीवर हळुवार हात फिरवला. 1996 मध्ये शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात बिंटी जुआ या मादीने, स्वतःचं पिल्लू पाठीवर असताना, खाली पडलेल्या तीन वर्षांच्या मुलाला कुशीत घेऊन कर्मचाऱ्यांच्या दारापाशी नेलं. ती माणसांच्या हाती वाढलेली होती आणि पिल्लू कसं सांभाळायचं, कर्मचाऱ्यांकडे कसं न्यायचं याचं शिक्षण तिला बाहुली देऊन दिलेलं होतं. या दोन्ही घटना मन भरून यावं अशाच आहेत. पण त्यांच्यावर भरवसा ठेवून कुणी बेफिकीर राहू नये. तोच प्राणी दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या गोंगाटात वेगळा वागू शकतो.

गर्दीने काय करावं हे आधीच ठाऊक असलं पाहिजे. 2014 मध्ये दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात एक तरुण पांढऱ्या वाघाच्या आवारात गेला, तेव्हा वरून लोक ओरडत होते आणि दगड भिरकावत होते. मदतीची इच्छा असते, पण ओरड्याने आणि दगडांनी प्राणी आणखी बिथरतो. कुणी आत पडलं तर एकाने धावत जाऊन गणवेशातल्या कर्मचाऱ्याला गाठावं, बाकीच्यांनी शांत राहून मागे सरकावं, काही फेकू नये, कुणी आत उडी मारू नये. प्राणीच बाहेर आला असं कळलं तर लहान मुलाला कडेवर घ्यावं, पळू नये, प्राणी समोर दिसत असेल तर पाठ फिरवू नये आणि जवळच्या इमारतीत शिरून दार लावून घ्यावं.

जपानमध्ये अशा प्रसंगाची रंगीत तालीम होते. टोकियोच्या उएनो आणि तामा प्राणिसंग्रहालयांत एक कर्मचारी प्राण्याचा वेश चढवून आवारात फिरतो, बाकीचे जाळी ताणून त्याला घेरतात, भुलीची बंदूक रोखतात, प्रेक्षकांना हलवतात. छायाचित्रांत हे गमतीचं दिसतं, पण तालमीमुळेच प्रत्येकाला आपली जागा, आपलं दार आणि आपलं काम कळतं. कात्रजला मार्च 2024 मध्ये एक बिबट्या पिंजऱ्यातून निसटला, तेव्हा प्राणिसंग्रहालय प्रेक्षकांना बंद ठेवून त्याला आवाराच्या आतच पकडण्यात आलं. लोकांना आधी दूर ठेवायचं, मग प्राण्याकडे वळायचं, हाच क्रम बरोबर आहे.

घरातून निघताना

मुलांना नियम दारातच, थोडक्यात आणि "नको"ऐवजी "काय करायचं" या भाषेत सांगा. "कठड्यापासून माझ्या एका पावलाइतकं मागे उभं राहायचं." "काचेसमोर हात खिशात ठेवायचे." "खाऊ फक्त बाकावर बसून." दिसत नसेल तर मुलाला कडेवर घ्या आणि स्वतः कठड्यापासून मागे उभे राहा, कडेवरचं मूल तुमच्या अंगाशी असतं. खांद्यावर बसवायचं तर कठड्यापासून चांगलं लांब. बाबागाडी कठड्याला लावून उभी करू नका, तिच्यावर चढून मुलं वर जातात. अनेक ठिकाणी खाली, मुलांच्या उंचीला काच असते, ती शोधा. हत्तीची सोंड, माकडाचा हात, अस्वलाची नखं गजांबाहेर येऊ शकतात, म्हणून जाळीत बोटं घालायची नाहीत. निपचित पडलेली मगर झोपलेली आहे असं समजू नका. ती निमिषात झेपावते. पावसाळ्यात फरशी आणि कठड्याजवळची माती निसरडी असते, तिथे हात सोडू नका.

दोन-तीन मुलं बरोबर असतील तर मोठ्यांनी आधीच ठरवून घ्यावं, कोण कुणाला बघणार. "आपण सगळे आहोतच" असं म्हणताना प्रत्यक्षात कुणाचंच लक्ष नसतं. शाळेच्या सहलीत तर हे लेखी हवं: प्रत्येक शिक्षकाकडे ठरावीक मुलांची यादी, प्रत्येक आवाराजवळ पोचल्यावर आणि तिथून निघताना मोजणी, मुलांच्या जोड्या, आणि प्रत्येकाच्या खिशात शाळेचा फोन नंबर. दमलेली, भुकेली मुलं ऐकत नाहीत, म्हणून वाघ-सिंह सकाळी, ताजेतवाने असताना पाहावेत आणि डबा दुपारी उशिरावर ढकलू नये.

आणि कुठे जाळी सैल दिसली, कठड्याची पट्टी तुटलेली दिसली, दोन गजांत मुलाचं डोकं जाईल एवढी फट दिसली, तर तिथल्या कार्यालयात जाऊन सांगा, शक्यतो लेखी द्या. प्राणिसंग्रहालयांनीही सहा महिन्यांतून एकदा आपल्या प्रत्येक कठड्यासमोर गुडघ्यावर बसून, तीन वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून पाहावं: कुठे पाय ठेवता येतो, कुठून शिरता येतं, कशावर चढता येतं. हा तपास खर्चीक नाही. वाघ, गोरिला, हत्ती खरे पाहिलेल्या मुलाला जंगल वाचवावंसं वाटण्याची शक्यता जास्त, आणि प्राणिसंग्रहालयांचं खरं काम तेच आहे. त्या कामात एकाही मुलाला इजा होता कामा नये आणि एकाही प्राण्याला आपल्या निष्काळजीपणापायी मरावं लागू नये. ही अपेक्षा अवाजवी नाही. सिनसिनाटीचा नवा कठडा दहा दिवसांत उभा राहिला. तो आधीही उभारता आला असता.